२८ दिवसांची घाई नक्की कुणाला? लो-कार्बन काँक्रीट मागायचं कसं

लोकलमध्ये नेटवर्क जातं म्हणून ज्यांचा भाग अर्धाच ऐकून होतो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना आकडे भराभर निघून गेले होते, इथे जरा थांबून दिलेत.

विषय काँक्रीट. सॉफ्टवेअरवाला काँक्रीटवर का बोलतोय, असं वाटेल. कारण साधं आहे. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट येतंय आणि टेंडरच्या कच्च्या मसुद्यात एक ओळ होती: सर्व आरसीसी कामासाठी ५३ ग्रेडचं ओपीसी सिमेंटच वापरावे, फ्लाय ॲश चालणार नाही. ग्रुपवर या ओळीला थम्स-अपचा पाऊस. एक काका म्हणाले, "पैसे मोजतोय तर प्युअर सिमेंट द्या, राख कशाला खपवताय?"

काकांची भीती खोटी नाही, तिच्याकडे आपण येऊच. पण ती एक ओळ म्हणजे सगळ्यात जास्त कार्बनवाली बिल्डिंग मागणं आहे, आणि त्या बदल्यात जास्त टिकाऊ बिल्डिंग मिळेल याची काहीही खात्री नाही. लो-कार्बन काँक्रीट म्हटलं की लोकांना वाटतं कुठल्या तरी लॅबमधून नवीन जादूचं सिमेंट येणार. तसं येतंयही, पण आज, आत्ता, आपल्या गावातल्या आरएमसी प्लांटमधून कार्बन कमी करता येतो तो टेंडरच्या चार ओळी बदलून.

आधी कार्बन येतो कुठून

काँक्रीट म्हणजे खडी, वाळू किंवा क्रश सँड, पाणी आणि सिमेंट. वजनात सिमेंट साधारण सातवा-सहावा हिस्सा, पण कार्बनचा बहुतेक सगळा हिशेब त्याच्याच नावावर. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो.

सिमेंट बनतं कसं बघा. चुनखडी आणि माती दळून भट्टीत सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवतात. बाहेर पडतात ते काळपट गोळे, त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की झालं ओपीसी. आता भट्टीला कोळसा लागतो, त्याचा धूर सगळ्यांच्या लक्षात येतो. पण मोठा वाटा कोळशाचा नाहीच. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती तापली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवा, ५६ किलो चुना उरेल आणि ४४ किलो गॅस होऊन उडून जाईल. सिमेंटच्या उत्सर्जनात साधारण ६० टक्के वाटा या दगडातून सुटलेल्या गॅसचा. म्हणजे उद्या भट्टी पूर्ण सोलरवर चालवली तरी हा भाग तसाच राहणार.

मग उपाय एकच उरतो: क्लिंकर कमी वापरायचं. त्याच्या जागी जे घालतात ते म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली फ्लाय ॲश, किंवा पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतला स्लॅग बारीक दळून. स्लॅगच्या या पावडरला साइटवर सगळे जीजीबीएस म्हणतात. आपल्याकडे राखेला तोटा नाही; चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी, नाशिकचं एकलहरे, सगळीकडे ती तयार होते. स्लॅगसाठी मुंबई-पुण्याला रायगडमधलं डोलवी जवळ आहे.

राख म्हणजे भेसळ नाही

आता काकांचा मुद्दा. सिमेंट पाण्याशी भिडलं की त्यातून डिंकासारखं एक द्रव्य बनतं जे सगळं धरून ठेवतं. त्याबरोबर मोकळा चुनाही तयार होतो. हा चुना ताकदीला फारशी मदत करत नाही आणि पाण्यात विरघळून काँक्रीटमध्ये बारीक वाटा सोडतो. फ्लाय ॲशमधली सिलिका या चुन्याला पकडते आणि त्याचाही डिंक बनवते. फक्त हे काम निवांत चालतं, आठवडे, महिने. म्हणून सातव्या दिवशी राखेचं काँक्रीट मागे दिसतं आणि तीन महिन्यांनी बरोबरीला येतं, पुष्कळदा पुढेही जातं.

ही आयडिया नवीन अजिबात नाही. किल्ल्यांवर चुन्याचा घाणा बघितला असेल, गोल खाच आणि त्यात फिरणारं दगडी चाक. जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी घालायचे, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. रसायन तेच: भाजलेली माती आणि चुना.

आणि ते ५३? तो आकडा बिल्डिंगचा नाहीच. प्रमाणित वाळू आणि सिमेंटचा छोटा क्यूब २८ दिवसांनी दाबला तर किमान ५३ मेगापास्कल सोसेल, एवढंच तो सांगतो. फ्लाय ॲशवाल्या पीपीसीला भारतीय मानकात हाच किमान आकडा ३३ आहे, त्यामुळे "पीपीसी कमजोर" ही अफवा पक्की झाली. पण तुमच्या कॉलमला हवं असतं एम-३० काँक्रीट. ते कुठल्याही सिमेंटने मिक्स डिझाइन करून गाठायचं असतं आणि क्यूब फोडून सिद्ध करायचं असतं. एम-३० म्हणजे एम-३०, मग आत राख असो वा नसो.

थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येतो. एक घनमीटर एम-३० मध्ये ३८० किलो सिमेंट धरा आणि एक किलो ओपीसीमागे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले ३२३ किलो. त्यातलं ११० किलो ओपीसी काढून तेवढी राख घातली, तर राखेचं उत्सर्जन जवळपास शून्य धरून उरतात २३० किलो. निम्मं ओपीसी आणि निम्मा स्लॅग केला, तर स्लॅग दळण्याची वीज धरूनही १७५ च्या आसपास. खडी, वाळू आणि वाहतूक यात धरलेली नाही, ती तिन्हीकडे जवळपास सारखीच. समजा बिल्डिंगला ३,००० घनमीटर काँक्रीट लागलं, तर नुसत्या राखेने २७९ टन वाचले. तेही एखादी भिंत न हलवता.

शिवाय राख आणि स्लॅग ओपीसीपेक्षा स्वस्त असतात. म्हणजे आमची ती कडक ओळ आम्हाला जास्त पैसे मोजायला लावणारी होती. उलट बाजूही आहे: टेंडर गप्प असेल तर ही बचत आरएमसीवाल्याच्या खिशात राहते आणि तुम्हाला कळतही नाही. त्यामुळे मिक्स डिझाइन मागून घ्या. लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

आता मुख्य गोष्ट: डेडलाइन

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. टेंडरमध्ये जवळपास प्रत्येक काँक्रीटला एकच डेडलाइन असते: २८ दिवसांत पूर्ण ताकद. फाउंडेशन, कॉलम, स्लॅब, पाण्याची टाकी, सगळ्यांना तीच. पण प्रत्यक्षात कोणाला कधी ताकद लागते?

राफ्ट घ्या, म्हणजे फाउंडेशनची ती जाड गादी. उंच बिल्डिंगमध्ये तिच्यावर पूर्ण भार येईपर्यंत वर्ष, दीड वर्ष सहज जातं. तिला २८ दिवसांत पूर्ण ताकद दाखवायला लावणं म्हणजे पुढच्या दिवाळीच्या रिलीजसाठी टीमला या शुक्रवारी रात्रभर बसवणं. तिथे ५६ किंवा ९० दिवसांची ताकद मागा, की मिक्समध्ये निम्मा स्लॅग आरामात बसतो. आणखी एक फायदा फुकट मिळतो. सिमेंट घट्ट होताना तापतं. जाड राफ्टचा गाभा फार तापला आणि बाहेरचा भाग गार राहिला की तडे जातात, म्हणून गाभा ७० अंशांच्या खाली ठेवायची धडपड असते आणि काँक्रीटमध्ये बर्फ घालावा लागतो. स्लॅग-राखेचं मिक्स मुळातच कमी तापतं.

धरणवाल्यांना हे केव्हाच माहीत आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघर उदंचन प्रकल्पाच्या धरणांत रोलरने दाबलेलं काँक्रीट वापरलं, त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त होती. तिकडे हवाई बेटांमधल्या कवाईवर एक शिवमंदिर आहे, इरैवन मंदिर. ते हजार वर्षं टिकावं अशी बांधणाऱ्यांची इच्छा. १९९९ मध्ये बर्कली विद्यापीठाचे काँक्रीटतज्ज्ञ पी. कुमार मेहता यांनी त्याचा पाया निम्म्याहून जास्त फ्लाय ॲश घालून करवला, तोही एकही सळई न टाकता, कारण सळई नसेल तर गंजणार काय?

खालच्या मजल्यांचे कॉलमही असेच. भार हळूहळू वाढत जातो, त्यामुळे ५६ दिवस चालू शकतात. स्लॅबची गोष्ट मात्र वेगळी. सेंट्रिंग लवकर सोडवून वर न्यायचं असतं, त्यावर साइटचं सगळं गणित. तिथे फार स्लॅग घातला तर कंत्राटदार बोंबलेल, आणि बरोबरच बोंबलेल. स्लॅबला २५ ते ३० टक्के राख आणि २८ दिवस ठेवा. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर केबल ताणायला काही दिवसांतच ठरावीक ताकद लागते, तिथे आणखी जपून.

हे सगळं आरसीसी कन्सल्टंटने ठरवायचं, सोसायटीच्या ग्रुपने नाही. आयएस ४५६ मध्ये डिझाइन मुळात २८ दिवसांच्या ताकदीवर धरलेलं आहे. त्यापुढची ताकद मोजायची तर पुरावा लागतो, म्हणजे आधी ट्रायल मिक्स करून ७, २८, ५६ दिवसांचे क्यूब. याला दोन महिने जातात. म्हणून विषय काढायचा तो टेंडरच्या आधी. पायाचा खड्डा खणल्यावर कुणी "लो-कार्बन करू या का" विचारलं तर उत्तर "आता राहू द्या" असंच येणार.

किनाऱ्यावर तर स्लॅगची बाजू आणखी भक्कम आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी, इथे बिल्डिंग मरते ती दाबाने नाही, सळई गंजून. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई फुगते, प्लास्टरसकट काँक्रीट सुटून पडतं. स्लॅगच्या काँक्रीटमध्ये ही झिरपण्याची वाट फार अरुंद होते. तिथे "फक्त ओपीसी" मागणं म्हणजे जास्त कार्बन देऊन कमी आयुष्य विकत घेणं.

टेंडरमध्ये काय लिहायचं, काय खोडायचं

"ओपीसीच वापरा" आणि "किमान ४०० किलो सिमेंट घाला" अशा ओळी म्हणजे क्लायंटने येऊन फंक्शनच्या आत कुठला लूप वापरायचा ते सांगण्यासारखं आहे. त्याऐवजी आउटपुट सांगा: किती ताकद, किती दिवसांनी, क्लोराइड किती झिरपू द्यायचं, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त किती. आत काय घालायचं ते प्लांटला ठरवू द्या.

आयएस ४५६ मध्ये किमान सिमेंटचा तक्ता आहे, तो पाळायचाच. किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीसाठी ३२० किलो, किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत. पण त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की यात फ्लाय ॲश आणि स्लॅगही मोजता येतात, ठरलेल्या मर्यादेत. राखेसाठी ती मर्यादा ३५ टक्के, स्लॅगसाठी ७० टक्के. ही तळटीप न वाचल्यामुळे किती सिमेंट फुकट जात असेल, देव जाणे.

मग कार्बनची मर्यादा घाला. "प्रति घनमीटर इतक्या किलोपेक्षा जास्त नको" असा सरळ आकडा, राफ्टला वेगळा, स्लॅबला वेगळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीने २०१९ मध्ये हे थेट बांधकाम नियमातच आणलं: एकतर सिमेंट मर्यादेत ठेवा, नाहीतर कार्बन मर्यादेत ठेवा, मार्ग तुमचा. आकड्याला पुरावा म्हणून ईपीडी मागतात, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल प्रॉडक्ट डिक्लेरेशन, पाकिटामागच्या पोषणतक्त्यासारखा कार्बनचा तक्ता, बाहेरच्या संस्थेने तपासलेला. छोट्या आरएमसी प्लांटकडे तो नसेल. तेव्हा सिमेंट कंपनीचा ईपीडी आणि प्लांटची बॅच शीट यांवरून गुणाकार करून घ्या. शाळेतलं गणित आहे.

एक ओळ मात्र न विसरता टाका: प्लांटमध्ये राख वेगळी घालणार असाल तर मूळ सिमेंट ओपीसी हवं. पीपीसीच्या पोत्यात आधीच १५ ते ३५ टक्के राख असते. त्यावर आणखी राख ओतली की एकूण किती झाली याचा पत्ता लागत नाही आणि मर्यादा कधीच ओलांडलेली असते. काकांच्या भीतीला खरा आधार असेल तर तो इथे आहे. म्हणून प्रत्येक ट्रान्झिट मिक्सरबरोबर बॅच शीट आली पाहिजे आणि ती कुणीतरी वाचली पाहिजे.

साइटवरचं दुखणं

टेंडर कितीही सुंदर लिहा, सगळं फसतं ते पाणी मारण्यात. राखेचं रसायन हळू चालतं आणि ओल असेपर्यंतच चालतं. आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीला किमान ७ दिवस पाणी, ब्लेंडेड सिमेंट किंवा राख-स्लॅग असेल तर किमान १०. हवा कोरडी आणि गरम असेल तर ओपीसीला १० आणि ब्लेंडेडला १४ चांगले. आता मे महिन्यातलं सोलापूर किंवा जालना डोळ्यासमोर आणा. टँकरचं पाणी, दुपारचं ऊन, चौथ्या दिवशी वॉचमन कंटाळलेला. अशा ठिकाणी राखेचं काँक्रीट ओपीसीपेक्षा जास्त मार खातं. वरचा थर कच्चा राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो, सळईभोवतीचं क्षाराचं संरक्षण जातं आणि गंज सुरू. त्यामुळे "लो-कार्बन म्हणजे टिकाऊ" असं डोळे मिटून मी म्हणणार नाही. पाणी मारलं तर टिकाऊ.

म्हणून क्युरिंगला टेंडरमध्ये वेगळा दर द्या, "कामात समाविष्ट" म्हणून सोडू नका. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा. पाणीच नसेल तर फवारायचं क्युरिंग कंपाउंड मिळतं. साठवलेल्या पाण्याइतकं चांगलं नाही, पण कोरडं ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

सेंट्रिंगचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढा, हा कोडमधला आकडा ओपीसीसाठी आहे. दुसऱ्या सिमेंटला तो वाढवायचा. डिसेंबरात नाशिककडे पहाटे पारा उतरतो तेव्हा राखेचं काँक्रीट आणखी रेंगाळतं. दिवस मोजत बसण्यापेक्षा स्लॅबशेजारीच, त्याच हवेत ठेवलेले दोन-तीन जादा क्यूब फोडून बघा आणि मग टेकूला हात लावा.

स्लॅग संपला तर?

हा प्रश्न भाग रेकॉर्ड करताना आमच्यातच निघाला होता. स्लॅग पोलादाबरोबरच तयार होतो, मागणी वाढली म्हणून जास्त येत नाही. जगातला चांगला स्लॅग जवळपास सगळा आधीच वापरला जातो. तुमच्या बिल्डिंगने ७० टक्के स्लॅग घेतला आणि दुसऱ्या साइटला तो मिळाला नाही, तर कागदावर तुम्ही हिरो, हवेत फरक शून्य. म्हणून माझं मत असं की स्लॅग जिथे खरा उपयोगी तिथे घ्या, किनाऱ्यावर आणि जाड पायात. बाकी ठिकाणी राख पुरे.

आणि पुढची पायरी म्हणजे एलसी-थ्री. यात निम्मं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिनी माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि उरलेलं जिप्सम. माती सुमारे ८०० अंशांवरच भाजते आणि तिच्यातून कार्बन नव्हे, पाणी उडतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची ईपीएफएल, क्युबातले संशोधक आणि आपल्या आयआयटी, यांनी मिळून हे उभं केलं. ओपीसीच्या तुलनेत कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी. २०२३ मध्ये भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९. म्हणजे टेंडरमध्ये नाव घालायला अधिकृत आधार आहे. सुरखीचा हा सुशिक्षित नातू कोपऱ्यावरच्या दुकानात कधी मिळेल ते आपण मागतो किती यावर ठरेल.

शेवटी, गावाकडे घर बांधणाऱ्या एका श्रोत्याचा प्रश्न: "आमच्याकडे आरएमसी नाही, कन्सल्टंट नाही, मिलरवर माल बनतो. आम्ही काय करायचं?" दादा, तुम्ही पीपीसीचं पोतं घ्या, त्यावरचा बनवल्याचा आठवडा वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर परत करा. गवंडी "जरा पातळ करू, पसरायला सोपं" म्हणाला की पाण्याची बादली त्याच्या हातातून काढून घ्या. तीच बादली नंतर दोन आठवडे स्लॅबवर ओता.